मागे पडलेला चार्ट

मंगळवार, निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी. सव्वानऊ वाजले की कितीतरी ट्रेडर्सच्या टेबलावर हेच घडते. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो, एक मिनिटाची कँडल दोन-तीन सेकंद जागची हलत नाही आणि मग एकदम उडी मारते. चार्टवर प्रीमियम १३७, ऑर्डरच्या चौकटीत १४२. नजर चार्टवर असते, म्हणून १३७ धरून बटण दाबले जाते आणि सौदा होतो १४२ ला. खापर इंटरनेटवर फुटते. पुष्कळदा दोष आपणच ठेवलेल्या रिफ्रेशच्या सेटिंगचा असतो.

अमीब्रोकर या चार्टिंग सॉफ्टवेअरच्या प्रोफेशनल आवृत्तीत रिफ्रेशच्या रकान्यात शून्य टाकले की प्रत्येक सौद्यागणिक चार्ट नव्याने काढायची मागणी होते. नव्याने काढणे म्हणजे नुसती शेवटची कँडल रंगवणे नव्हे, त्या चार्टचे एएफएल सूत्र पुन्हा चालते. सुपरट्रेंड, व्हीवॅप, तीन मूव्हिंग अ‍ॅव्हरेज आणि वर कुणाकडून तरी घेतलेला, एकेका कँडलवरून फिरणारा लूप. समजा, एका चार्टला ४० मिलिसेकंद लागतात आणि १२ चार्ट उघडे आहेत. एका फेरीचे काम झाले ४८०. चार कोअरवर वाटले तरी १२०. सेकंदाला दहा रिफ्रेश हवे असतील तर फेरीला वेळ मिळतो १०० मिलिसेकंद. काम साचत जाते. सॉफ्टवेअर जुने टिक टाकून न देता रांगेने काढत बसणारे असेल तर चार्ट हलतो, जिवंत वाटतो, पण बाजार दाखवतो तीन सेकंदांपूर्वीचा. त्यापेक्षा गोठलेला चार्ट परवडला. तो पाहून निदान हात तरी थांबतो.

रिफ्रेशचा हा वेग आपल्याला हवा कशाला? भाव दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला पाव सेकंद तरी लागतो. ब्रोकरकडून येणारा साधा फीडही सहसा प्रत्येक सौद्याचा नसतो, थोड्या थोड्या वेळाने टिपलेल्या भावांचा असतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२३-२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि प्रोप्रायटरी ट्रेडर्सच्या नफ्यापैकी ९६ टक्के अल्गोतून आला. त्या यंत्रांशी वेगाची शर्यत घरच्या लॅपटॉपवरून लावू नये, असे आम्ही स्पष्टच म्हणतो. ज्या चार्टवर सौदा करायचा त्या एकाला २५० ते ५०० मिलिसेकंद द्या. पाच मिनिटांच्या चार्टला एक-दोन सेकंद पुरतात, पंधरा मिनिटांच्या चार्टला पाच. ऑप्शन चेनमध्ये लागतील तेवढेच स्ट्राइक उघडे ठेवा.

स्वतः कोड लिहिणाऱ्यांनी मोजणी आणि रंगवणी वेगळी करावी. हाय, लो आणि व्हॉल्यूमसाठी आलेला प्रत्येक टिक धरलाच पाहिजे, तिथे काटकसर नको. चित्र मात्र ठरलेल्या वेळीच काढावे आणि मधली न काढलेली चित्रे सोडून द्यावीत. बंद झालेल्या कँडलवरचे इंडिकेटर एकदाच मोजून ठेवले की टिक आल्यावर फक्त चालू कँडलचा आकडा बदलावा लागतो. ही एक दुरुस्ती नव्या रॅमपेक्षा जास्त फरक पाडते, असा आमचा अनुभव आहे.

दोष नेमका कुठे आहे हे तपासणे अवघड नाही. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या. निफ्टी फ्युचरच्या चार्टच्या कोपऱ्यात शेवटच्या सौद्याची वेळ दिसेल असे करा आणि ती घड्याळापासून किती अंतरावर आहे ते पाहा. चार्ट आणि ऑर्डरची चौकट दोन्ही मागे असतील तर आधी फीड किंवा जोडणी तपासा. चौकट वेळेवर आणि चार्टच मागे असेल तर संगणकावरचा भार पाहा. चार्ट ब्राउझरमध्ये असेल तर तो मागच्या टॅबमध्ये ठेवू नका, कारण ब्राउझर तिथली कामे मुद्दाम मंद करतो. लॅपटॉपला चार्जर लावलेला असू द्या.

येत्या मंगळवारी सव्वानऊ ते साडेनऊ आणि दुपारी तीननंतर हे अंतर टिपून ठेवा. उघडे चार्ट किती होते आणि रिफ्रेश कितीवर होता, हे त्यासोबत लिहून आमच्याकडे पाठवा.