कबुलीमागचे सत्य कोण तपासणार?

न्यायासनासमोर उभ्या असलेल्या आरोपीने 'गुन्हा कबूल आहे' असे म्हटले की पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आपल्या फौजदारी कायद्यानेही ती बहुतांशी मान्य केली आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशा आरोपीच्या अपिलावर निर्बंध होता. १९७३ च्या संहितेच्या ३७५ व्या कलमात तो कायम राहिला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४१६ व्या कलमातही तो तसाच उतरला आहे. दंडाधिकाऱ्याने अथवा सत्र न्यायालयाने कबुलीवरून शिक्षा दिली असेल, तर ती किती असावी आणि कायदेशीर आहे की नाही, एवढ्यापुरतेच अपील करता येते. 'मी दोषी नाही' असे म्हणण्याची वाट बंद असते. सव्वाशे वर्षांत तीन संहिता झाल्या, परंतु या निर्बंधाचा मुळातून विचार करावा असे कोणालाही वाटले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

निर्बंधामागचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. जो स्वतःच दोष मान्य करतो, त्याला त्याविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार कसा असणार? पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, कबुली देणाऱ्याला आरोप समजला होता, परिणाम ठाऊक होते आणि त्याच्यावर कसलेही दडपण नव्हते. कनिष्ठ न्यायालयांतील वास्तवाशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे, त्यांना हे गृहीतक किती ठिसूळ आहे हे सांगावयास नको. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. जामिनासाठी पैसा नाही, हमीदार मिळत नाही आणि खटल्याची तारीख पुढे जाते आहे, अशा अवस्थेत अडकलेल्या माणसाला 'कबूल कर, भोगलेल्या दिवसांवर सुटशील' असा सल्ला मिळाला, तर तो काय करील? तो कबूल म्हणतो आणि घरी जातो. सिद्धदोष असल्याचा शिक्का मात्र जन्मभर त्याच्यामागे राहतो. नोकरीसाठी चारित्र्याची पडताळणी होते तेव्हा तो शिक्का किती महाग पडला हे त्याला कळते.

कायद्याने येथे काहीच संरक्षण ठेवलेले नाही, असे नाही. समन्स खटल्यात आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असे संहिता सांगते. महंत कौशल्य दास विरुद्ध मद्रास राज्य या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद बंधनकारक ठरविली. कबुलीवरून दोषी ठरवायचे की नाही, हा न्यायाधीशाच्या विवेकाचा प्रश्न आहे. कबुली आली म्हणून दोषी ठरविलेच पाहिजे, असे नाही. १९८३ च्या थिप्पेस्वामी खटल्यात तर सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. थोडक्यात सुटण्याच्या आशेने दिलेल्या कबुलीनंतर वरच्या न्यायालयाने शिक्षा वाढविणे अन्यायाचे आहे. तशी गरज वाटल्यास दोषसिद्धीच रद्द करून आरोपीला बचावाची संधी द्यावी, असे त्या निर्णयाचे सार आहे. कबुली ही अढळ वस्तू नव्हे, हे न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वीच ओळखले होते.

विवेक म्हणजे काय, याचे उदाहरण मुंबईनेच पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाबने जुलै २००९ मध्ये अकस्मात गुन्ह्याची कबुली दिली. लोकक्षोभ एवढा तीव्र होता की त्याच दिवशी निकाल लागला असता, तरी कोणी खेद मानला नसता. विशेष न्यायालयाने ते निवेदन नोंदवून घेतले, पण त्यात सर्व आरोपांची पूर्ण कबुली नसल्याने खटला पुढे चालविला आणि साक्षीपुरावा तपासून मे २०१० मध्ये निकाल दिला. ज्याचा अपराध साऱ्या जगाने पाहिला, त्याच्या कबुलीबाबत एवढी सावधगिरी बाळगली गेली, ही आपल्या न्यायव्यवस्थेला भूषणावह गोष्ट आहे. मग किरकोळ चोरीच्या आरोपाखाली उभ्या असलेल्या निरक्षर मजुराच्या कबुलीची छाननी दोन मिनिटांत का उरकावी?

अपिलाचे दार उघडले तर शिक्षा ऐकून नाराज झालेला प्रत्येक जण कबुली फिरवील आणि आधीच तुंबलेली न्यायालये आणखी तुंबतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. पण येथे साऱ्या पुराव्याच्या फेरतपासणीची मागणी नाही. कबुली स्वेच्छेने आणि समजून दिली होती काय, एवढाच मर्यादित प्रश्न अपिलात विचारता यावा, आणि उत्तर नकारार्थी आल्यास आरोपीला निर्दोष न ठरविता खटला नव्याने चालवावा, इतकेच म्हणणे आहे. पुनरीक्षणाचा आणि उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा मार्ग आजही आहे, असे सांगितले जाते. परंतु ते न्यायालयाच्या मर्जीवरचे उपाय आहेत, आरोपीचा हक्क नव्हे. ज्याला पहिल्या दिवशी वकील मिळाला नाही, त्याने उच्च न्यायालयाची पायरी चढावी अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा होय.

म्हणून ४१६ व्या कलमात शिक्षेच्या प्रमाणाबरोबर कबुलीच्या ग्राह्यतेचाही अपवाद जोडला पाहिजे. त्याहून निकडीचे काम खालच्या न्यायालयांत आहे. सरकारी खर्चाने वकील देण्याची १९७३ च्या संहितेतील सक्ती मुख्यतः सत्र खटल्यांपुरती होती. कबुलीचे पीक मात्र दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत येते. वकिलाशी बोलण्याची संधी दिल्यावाचून तेथे कबुली स्वीकारू नये, आणि आरोपीला काय विचारले व त्याने कोणते उत्तर दिले, हे त्याच्या भाषेत नोंदले जावे. हे झाले तर अपिलाची वेळही क्वचितच येईल. 'कबूल आहे' हे दोन शब्द उच्चारण्यास क्षण पुरतो. ते खरे आहेत की नाहीत हे पाहण्यास थोडा अधिक वेळ देणे न्यायासनाला जड वाटू नये.