हात गेला म्हणून हक्क जातो काय?



बेणे, खोडवा, पाणी आणि भाव यांवर जाणकार मंडळी या पानांत नेहमी लिहितात. मी आज लिहितो आहे ते ऊस गाळणाऱ्या हातांबद्दल. विषय कडू आहे आणि त्यात माझा स्वतःचा एक अपराध आहे. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सांगायला मोकळा.

मी गावच्या विकास सोसायटीत सचिव होतो. गावातले अर्ज, विनंत्या, दाखल्यांची कागदपत्रे लिहायला लोक माझ्याकडेच येत. २०१८ सालची गोष्ट. पाऊस सरत आला होता. आमच्या आळीतला एक जण संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. एका कारखान्यात, त्याचे नाव लिहीत नाही, मिल हाऊसला ऑइलमन म्हणून त्याचे अठरा हंगाम झाले होते. आदल्या हंगामात चालू मिलला तेल देताना उजवा हात गिअरात सापडला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे गेली. दवाखाना झाला, भरपाई मिळाली, ऑफ सिझन घरी गेला. बॉयलर पेटायच्या आधी बरोबरीच्या सिझनल कामगारांना हजर होण्याचे बोलावणे आले. याला आले नाही. टाइम ऑफिसला तीन हेलपाटे घातले. तिसऱ्या खेपेला कोणी तरी बाजूला घेऊन वाट दाखवली.

“भाऊसाहेब, एक अर्ज लिहून द्या,” तो म्हणाला. “प्रकृती बरी नसल्यामुळं स्वखुशीनं राजीनामा देतो, माझ्या जागी मुलाला घ्यावं. एवढंच. सायेब म्हणलेत, पोराला लावून घेतो.”

मी लिहिला. मला वाटले, भल्याचे काम करतो आहे. ‘स्वखुशीने’ हा शब्द तर मी मुद्दाम ठळक काढला. खाली सही करायची वेळ आली तेव्हा त्याला पेन धरता येईना. पगारपत्रकावर अठरा वर्षे वळणदार सही करणारा सातवी शिकलेला माणूस. मीच शाईचा पॅड पुढे सरकवला आणि डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. पोराला एक हंगाम रोजंदारीवर घेतले. पुढच्या हंगामाला त्या जागेवर ठेकेदाराची माणसे आली.

यात कारखान्याने बेकायदा काही केले असे तेव्हा आम्हा दोघांच्याही मनात आले नाही. नशीब म्हणालो आणि सोडून दिले. पुढे बांधाच्या एका दाव्यासाठी तालुक्याच्या कोर्टात जाणे झाले. तिथे एका वकिलाशी बोलता बोलता ही हकिकत निघाली. ते म्हणाले, “भाऊसाहेब, अगदी असाच अर्ज सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय.” आणि त्यांनी मला भगवान दास यांचा खटला सांगितला.

भगवान दास हे पंजाब राज्य वीज मंडळात सहायक लाइनमन होते. १९९४ मध्ये नोकरीत असतानाच त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांनी स्वतःच मंडळाला लिहून दिले की मला निवृत्त करा आणि माझ्या पत्नीला नोकरी द्या. मंडळाने निवृत्ती तेवढी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा मंडळाचे म्हणणे असे, की याने आपण होऊन अर्ज केला, आमचा काय दोष? २००८ मध्ये न्यायालयाने ते साफ धुडकावले. अपंगत्व आलेल्या कामगाराला काढता येत नाही असा कायदा असताना, तो ज्याला ठाऊक नाही अशा गरीब माणसाच्या अर्जाचा फायदा घ्यायचा नसतो. त्याला जवळ बसवून त्याचा हक्क समजावून सांगायला हवा होता, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय. निवृत्तीच्या वयापर्यंत ते नोकरीतच आहेत असे धरून त्यांचे सर्व लाभ देण्याचा हुकूम झाला.

हे ऐकून मी घरी आलो त्या रात्री मला झोप लागली नाही. बायकोऐवजी मुलगा, बाकी अर्ज तोच. फरक एवढाच की भगवान दासांना कोणी तरी वकील गाठून दिला आणि आमच्या शेजाऱ्याला मी अर्ज लिहून दिला.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. पहिला कायदा १९९५ चा. त्याच्या ४७ व्या कलमात म्हटले होते की नोकरीत असताना ज्याला अपंगत्व आले त्याला आस्थापनेने काढायचे नाही, पायरीही उतरवायची नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यायचे. तशी जागा नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी अधिसंख्य पद तयार करायचे. २००३ मध्ये कुणाल सिंग या पाय गमावलेल्या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे कलम बंधनकारक आहे, आणि अपंगत्वाची पेन्शन दिली म्हणून त्यातून सुटका होत नाही. १९ एप्रिल २०१७ पासून त्या कायद्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली. जुन्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, नव्यात एकवीस झाले. (आमच्या वेळी ‘अपंग’ म्हणत, आता ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द बदलला ते चांगले झाले. पण डॉक्टरच्या दाखल्यावरचा ‘कामास अयोग्य’ हा शेरा अजून तोच आहे, आणि माणूस घरी बसतो तो त्या शेऱ्याने.)

पण इथे एक मेख आहे. नव्या कायद्याच्या २० व्या कलमात ही नोकरी टिकवण्याची हमी आली ती ‘शासकीय आस्थापना’ या शब्दासह. आणि त्याच कायद्यात ‘खाजगी आस्थापना’ कोणती हे सांगताना कंपनी, फर्म यांच्याबरोबर सहकारी संस्थेचे नाव घेतले आहे. म्हणजे कारखान्याचा वकील उभा राहून म्हणू शकतो की आम्ही सहकारी, ते कलम आम्हाला लागत नाही. कामगाराचा वकील उलट म्हणेल की शासनाच्या मालकीच्या, नियंत्रणाखालच्या किंवा शासनाची मदत घेणाऱ्या संस्थाही शासकीय आस्थापनेत धरल्या आहेत, आणि कारखान्यात शासनाचे भागभांडवल आहे, कर्जाला शासनाची थकहमी आहे, मग ही मदत नव्हे तर काय? वाद घालण्यासारखा आहे. पण तो निकाली निघेपर्यंत तीन बोटे गेलेल्या माणसाने वर्षानुवर्षे खायचे काय, हे दोन्हींपैकी कोणता वकील सांगणार?

मला यात वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. थकहमी मागायला मुंबईला जाताना आपण शासनाचे लाडके, आणि जखमी कामगार दारात आला की आपण खाजगी! प्रवरेच्या काठी १९५० मध्ये पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तो अडलेल्या माणसांनी एकमेकांना धरून उभा केला. अशी पळवाट खाजगी मालकाने काढली तर एक वेळ समजू. आपण इथे मालक आहोत ते सभासद म्हणून.

बरे, ती पळवाट धरली तरी कायदा संपत नाही. याच कायद्याचे ३ रे कलम अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करू नका असे सांगते, आणि वाजवी सोय नाकारणे हासुद्धा भेदभावच, अशी व्याख्या त्यात दिली आहे. वाजवी सोय म्हणजे काही महाल बांधून द्यायचा नाही. स्टूल, हाताला जमेल असा दांडा, रात्रपाळीऐवजी दिवसपाळी, मिलऐवजी काटा, एवढेच बहुतेक वेळा लागते. शिवाय २१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. इथे शासकीय-खाजगी असा भेद नाही. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे वीस किंवा जास्त नोकर असतील तर त्या धोरणात दिव्यांगांना जमण्यासारख्या जागांची यादी आणि एका संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक असावी लागते. हा कागद संकेतस्थळावर, नाही तर सर्वांना दिसेल अशा जागी लावायचा. परवा मी मुद्दाम आपल्या टाइम ऑफिससमोरचा फलक वाचून काढला. पाळीचे तक्ते होते, गणपतीच्या वर्गणीची यादी होती, एका हरवलेल्या सायकलचा मजकूर होता. हा कागद नव्हता. कोणी मुद्दाम लावला नाही असे मी म्हणत नाही. तो असतो हेच कोणाला माहीत नसावे.

टक्क्यांबद्दलही एक गैरसमज आहे. “तुझा दाखला चाळीसच्या खाली आहे, तुला कायदा लागत नाही,” असे कामगाराला बिनदिक्कत सांगतात. चाळीस टक्क्यांची अट आहे ती आरक्षणासारख्या सवलतींना. भेदभाव होऊ नये हा हक्क टक्क्यांवर मोजलेला नाही.

आणखी एक घोटाळा म्हणजे भरपाई आणि नोकरी यांची गल्लत. “तुला पैसे दिले, विषय मिटला.” अपघात-भरपाईचा १९२३ चा जुना कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. त्या जुन्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरत. सरळ हिशोब करा. ३० टक्के गेली तर ७० टक्के उरली ना? मग शंभर टक्के माणूस घरी कसा बसवता? भरपाई गेलेल्या बोटांची असते, उरलेल्या बोटांच्या कामाची नव्हे. जाता जाता सांगतो, बगॅसच्या धुळीने फुप्फुस बिघडते त्या ‘बगॅसोसिस’चे नावही त्याच कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होते. आपल्याकडे त्याला ‘दमा’ म्हणून बाहेरच्या बाहेर वाटेला लावतात.

“कामगार गव्हाणीवर पुन्हा ठेवला आणि त्याचा दुसरा हात गेला तर?” हा प्रश्न संचालक मंडळी विचारतील, आणि तो रास्त आहे. कायदाही तसा अडाणी नाही. योग्य कारण असेल आणि त्या मानानेच उपाय केला असेल तर तो भेदभाव ठरत नाही, असे त्यात आहे. एका हाताच्या माणसाला मिलवर पाठवा असे कोणीच म्हणत नाही. पण कारखाना म्हणजे नुसती मिल आहे का? वजनकाटा आहे, गाडीतळावर टोकन देणे आहे, स्टोअर आहे, साखर गोदामाची नोंद आहे, बेणे मळा आहे. कान गेलेल्या टर्बाइनवाल्याला गोदामात ऐकून काय करायचे आहे?

“आणि पगार आमच्या उसाच्या भावातून जाणार!” हे सभासद म्हणतील, कारण मीही मनात तेच म्हणालो होतो. पेन घेऊन बसलो. पाच लाख टन गाळणारा कारखाना धरा आणि अशा एका माणसाचा वर्षाचा पगार तीन लाख धरा. टनाला साठ पैसे पडतात. तेही तो नुसता बसून राहिला तर. माझ्या पन्नास टन उसाला तीस रुपये झाले.

कामगार संघटनेलाही दोन शब्द. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगण एस.टी.च्या एका ड्रायव्हरला न्याय दिला. रंगांधळा ठरला म्हणून त्याला काढले होते. महामंडळाने त्याला योग्य जागी, त्याच पगारश्रेणीत परत घ्यावे असा हुकूम झाला. तिथे कामी आला तो १९७९ मध्ये संघटनेने आणि व्यवस्थापनाने केलेला जुना करार, त्यात अशा ड्रायव्हरला दुसरे काम देण्याचे कलम होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी शहाणपणाने घातलेली चार ओळींची अट आज एका घराच्या चुलीला उपयोगी पडली. आपल्या वेतन-करारात महागाई भत्त्यावर रात्री रात्री जागता, तिथे ही ओळ का घालत नाही?

ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल लिहायला घेतले तर दुसरा लेख होईल. कोयत्याने बोट गेलेल्या बाईला मुकादमाशिवाय कोणाचे दार माहीत नाही. तेवढे ध्यानात असू द्या.

ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला माझे एकच सांगणे. राजीनाम्याच्या, ‘स्वखुशीच्या’ कोऱ्या किंवा लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका, अंगठा देऊ नका. अक्षर माझे असले तरी देऊ नका. उलट आपणच अर्ज द्या, की मला झेपेल असे काम त्याच पगारावर द्या, आणि पोहोच घ्या. उत्तर आले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला तक्रार जाते. तिथे चौकशी होते, आणि त्यांनी शिफारस केली तर संबंधितांना तीन महिन्यांत काय केले ते कळवावे लागते. कामगार न्यायालय आहेच.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी एक ठराव लिहिला आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कायम अथवा सिझनल कामगारास कारखाना कामावरून कमी करणार नाही, २० व्या कलमातील हमी कारखाना स्वतःहून पाळील, आणि समान संधी धोरण हंगामापूर्वी फलकावर लावील, असा त्याचा मजकूर आहे. अक्षर पुन्हा माझेच. ठराव सेक्रेटरी साहेबांच्या कचेरीत दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अजून मोकळी आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद