उभ्या गाडीचा हिशेब

विद्यापीठातील तज्ज्ञ हा शब्द कानी पडला की आपल्या कार्यकर्त्याच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती अकारण उमटते असे म्हणता येणार नाही. सार्वजनिक उद्योगांची मोडतोड, कंत्राटी पद्धतीचा प्रसार, कामगार कायद्यांचे शिथिलीकरण या प्रत्येक गोष्टीच्या समर्थनार्थ कोणा ना कोणा प्राध्यापकाचा अहवाल पुढे करण्यात आलेला आहे. मालवाहतूक आणि पुरवठा साखळीचे व्यवस्थापन हा तर आज व्यवस्थापन-संस्थांचा लाडका विषय आहे. माल किती तासांत पोहोचेल, गोदामात किती दिवस पडून राहील आणि त्यातून किती पैसा वाचेल याची गणिते तेथे मोठ्या कौशल्याने मांडली जातात. त्या गणितात गाडी हाकणारा माणूस मात्र खर्चाच्या रकान्यातील एक आकडा म्हणूनच येतो. याच विषयातील एका अमेरिकन प्राध्यापकाच्या कामाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे, कारण त्याने तेच गणित चालकाच्या बाजूने मांडून दाखविले.

मायकेल बेल्झर हे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ. अध्यापनाकडे वळण्यापूर्वी त्यांनी अनेक वर्षे स्वतः ट्रक चालविला, आणि ते टीमस्टर्स या वाहतूक कामगारांच्या संघटनेचे सभासद होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘स्वेटशॉप्स ऑन व्हील्स’. नाममात्र मजुरीवर माणसाला दिवसरात्र पिळून काढणाऱ्या कोंदट कारखान्यांसाठी इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, तो त्यांनी अमेरिकेच्या महामार्गावरील चकचकीत ट्रकला लावला. हे नामकरण रागाच्या भरात केलेले नाही. त्यामागे चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपण समजून घेण्याजोगा आहे.

१९३४ साली मिनिआपोलिस शहरातील ट्रकचालकांनी समाजवादी विचारांच्या कार्यकर्त्यांच्या नेतृत्वाखाली संप केला. २० जुलै रोजी पोलिसांनी निःशस्त्र संपकऱ्यांवर गोळीबार केला, त्यात दोघांचे प्राण गेले आणि साठाहून अधिक जखमी झाले. तरीही संप यशस्वी झाला आणि लांब पल्ल्याच्या चालकांच्या संघटनेची वाट त्यातून खुली झाली. १९३५ साली अमेरिकेने कायदा करून ट्रकधंद्यातील प्रवेश आणि मालभाड्याचे दर सरकारी आयोगाच्या नियंत्रणाखाली आणले. या दोन्हींच्या पायावर १९६४ साली टीमस्टर्सने देशभरच्या चालकांसाठी एकच सामूहिक करार घडवून आणला. ट्रकचालक हा तेथील सुस्थितीतील कामगार ठरला.

ही व्यवस्था निर्दोष होती असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाहतूक कंपन्या संगनमताने दर ठरवीत. परवान्यांच्या जाचामुळे गाड्या परतीच्या प्रवासात रिकाम्या धावत. टीमस्टर्सच्या नेतृत्वाचे गुन्हेगारी टोळ्यांशी असलेले संबंध इतके उघड होते की १९५७ साली अमेरिकन कामगार महासंघानेच त्या संघटनेला बाहेर काढले. या दोषांकडे बोट दाखवून १९८० साली संपूर्ण धंदा मोकळा करण्यात आला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे काम रेगनसाहेबांनी केलेले नाही. विधेयकाचा पाठपुरावा सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी केला आणि त्यावर सही जिमी कार्टर यांची झाली. ग्राहकाला माल स्वस्त मिळावा हा त्यांचा हेतू होता. ग्राहकाचा वाली होण्याच्या उत्साहात कामगाराला विसरणारे उदारमतवादी आपल्याही परिचयाचे आहेत.

मालभाडे खरोखरच उतरले. परंतु ते कोणाच्या खिशातून उतरले हा प्रश्न बेल्झर यांनी विचारला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९७७ ते १९९५ या काळात चालकांची वार्षिक खरी कमाई सुमारे ३० टक्क्यांनी घसरली. कामाचे तास मात्र वाढतच गेले. १९३८ च्या वेतन कायद्यातील जादा कामाच्या मोबदल्याच्या तरतुदीतून चालकांना वगळण्यात आले होते, कारण त्यांच्या तासांवर दुसरे सरकारी खाते देखरेख करीत होते. संघटना प्रबळ होती तोवर ही उणीव करारातून भरून निघत असे. संघटना खचली आणि वगळलेली तरतूद तेवढी कायम राहिली.

या विश्लेषणाचा गाभा एका साध्या निरीक्षणात आहे. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या चालकाला बहुतेक ठिकाणी मैलाप्रमाणे पैसे मिळतात. चाक फिरले तर मजुरी मिळते, थांबले तर मिळत नाही. गोदामाच्या दारात माल भरण्यासाठी किंवा उतरविण्यासाठी तो चार-सहा तास तिष्ठत बसला तर तो वेळ कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. वस्तू फुकट मिळू लागली की तिची उधळपट्टी होते, हा बाजारवादी अर्थशास्त्राचाच धडा आहे. चालकाचा वेळ गोदामवाल्याला फुकट मिळतो, म्हणून तो वाटेल तसा उधळला जातो. मग बुडालेली मजुरी भरून काढण्यासाठी चालक रात्री झोप मोडून गाडी हाकतो, आणि पहाटे कोठेतरी अपघात होतो. वर्तमानपत्रात बातमी येते ती ‘चालकाला डुलकी लागल्याने’ अशी. त्या डुलकीचे मूळ गोदामाच्या दारात आहे, हे बातमीत येत नाही.

याचा पडताळाही मिळाला. जे. बी. हंट या बड्या वाहतूक कंपनीने १९९७ साली आपल्या चालकांचे दर एक-तृतीयांशाहून अधिक वाढविले. बेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीच्या नोंदी तपासल्या. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण घटले होते आणि अपघातही कमी झाले होते. रस्त्यावरील सुरक्षितता ही वेतनाशी जोडलेली बाब आहे, ती केवळ शिस्तीची बाब नव्हे, असा त्याचा अर्थ होतो. ‘चालकांचा तुटवडा’ ही तेथील मालकांची जुनी ओरड आहे. मोठ्या कंपन्यांत वर्षाकाठी नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण कित्येक वर्षे ९० टक्क्यांच्या घरात राहिले. माणसे आहेत, ती टिकत नाहीत. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह व्हिसेली यांनी संशोधनासाठी स्वतः ट्रकवर नोकरी केली. कंपनीचाच ट्रक कर्जाने गळ्यात मारून कामगाराला ‘मालक’ कसे बनविले जाते, हे त्यांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. अशा मालकाला आठ तासांचा दिवस नसतो, कारण स्वतःचीच पिळवणूक करण्याचा हक्क त्याला मिळालेला असतो.

आता आपल्या रस्त्यांकडे वळू. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली होती. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच आपोआप लागू होता, आणि आपल्याकडचे बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे आहेत. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तोच कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिला. पुढे हा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला. आपला चालक बहुधा खेपेवर पैसे घेतो. न्हावाशेव्याच्या बंदराबाहेर, भिवंडीच्या गोदामांसमोर, कळंबोलीच्या पोलाद बाजारात गाडी रिकामी होण्याची वाट पाहत जे तास जातात त्यांना मोल नाही. थांबल्याचा आकार मिळालाच तर तो मालकाच्या हाती पडतो. चालकाच्या वाट्याला गाडीखालची सावली येते.

या प्रश्नाकडे राज्यकर्ते कसे पाहतात, हे २०२४ च्या आरंभी दिसले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, अपघातात मृत्यू घडवून खबर न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि महाराष्ट्रात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते पोटकलम स्थगित ठेवावे लागले. रस्त्यावर चिरडला जाणाराही बहुधा पायी चालणारा किंवा सायकलवरचा गरीबच असतो, त्याच्या कुटुंबाला न्याय मिळालाच पाहिजे याबद्दल दुमत नाही. परंतु साखळीतील शेवटच्या माणसाला तुरुंगाचे भय घालून पहिल्या माणसाचे वेळापत्रक सैल होत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांत चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले, हे स्वागतार्हच आहे. तथापि थंड केबिनमध्ये बसूनही सोळा तासांचा दिवस सोळा तासांचाच राहतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. किमान दर बांधून दिले तर लहान ट्रकमालकच मरेल, असे म्हटले जाते. ऑस्ट्रेलियाचा अनुभव या ठिकाणी उद्बोधक आहे. तेथे २०१२ साली चालकांचे सुरक्षित दर ठरविण्यासाठी न्यायाधिकरण स्थापन झाले. २०१६ साली त्याने स्वतःची गाडी चालविणाऱ्यांसाठी किमान दर लागू केले, तेव्हा माल देणारे आपल्याला सोडून बड्या कंपन्यांकडे जातील या भीतीने तेच चालक राजधानीवर मोर्चा घेऊन गेले, आणि सरकारने ते न्यायाधिकरणच मोडीत काढले. पण प्रश्न मिटला नाही. २०२४ साली नव्या कायद्याने तेथील श्रम आयोगाला रस्ते-वाहतुकीसाठी किमान मानके ठरविण्याचा अधिकार पुन्हा द्यावा लागला. यातून घ्यावयाचा धडा असा की एकाच थराला दर बांधून देऊन भागत नाही. बोजा माल पाठविणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर पडला पाहिजे, गाडी कोणाचीही असो.

महाराष्ट्राला यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. ट्रकमधील पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाला एके काळी ना मालक होता ना हजेरी. अण्णासाहेब पाटील यांच्या झुंजीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या रूपाने त्याच वर्गाला ताठ उभे केले. मालक बदलता असला तरी मंडळ कायम, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात जमा, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार, ही त्या कायद्याची रचना. त्याची अंमलबजावणी आज कशी पोखरली जात आहे, हे आपण जाणतोच. तरीही तत्त्व सिद्ध झालेले आहे. फळीवरून माल उतरविणाऱ्याला जे मिळू शकले ते त्याच गाडीच्या चाकामागे बसलेल्याला का मिळू नये?

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. चालकासाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ असावे. गाडी दारात लागल्याची आणि सुटल्याची वेळ नोंदविणे गोदामावर व बंदरावर बंधनकारक असावे, आणि ठरावीक अवधीनंतरच्या प्रत्येक तासाचा मोबदला माल घेणाऱ्याने भरून तो थेट चालकाच्या खात्यात जमा व्हावा. आज गाडीचा ठावठिकाणा क्षणोक्षणी दाखविणारी यंत्रे कंपन्यांच्या हाती आहेत. चालक कोठे थांबला हे मालकाला कळते, तर त्याला कोणी थांबविले हेही कळू शकते. प्रश्न यंत्राचा नाही, ते कोणासाठी वापरले जाते याचा आहे.

बेल्झर क्रांतिकारक नाहीत. त्यांनी एवढेच केले की जो वेळ मोजला जात नव्हता तो मोजला. आपल्या शाखांनी आपापल्या गावच्या बाजार समितीच्या, साखर कारखान्याच्या, गोदामाच्या दारात एक महिना वही घेऊन बसावे आणि गाड्या किती तास उभ्या राहतात ते चालकांकडून लिहून घ्यावे. त्या वहीच्या जोरावर चालकांची सभा बोलाविता येईल आणि मंत्र्यांच्या दारातही जाता येईल.