शेवटची घडी आधी

घरातील एखाद्या मुलाची बुद्धी सावकाश चालत असली, की त्याच्या हातातील काम काढून घेण्याची आपल्याला घाई होते. सदऱ्याची घडी घालण्यास तो दहा मिनिटे लावतो, बाही बाहेर लोंबते, आई म्हणते, "राहू दे बाळा, मी करते." त्यात माया असते, यात संशय नाही. परंतु त्याच मायेपोटी पंचविशीचा तरुण दिवसभर खिडकीशी बसून राहतो.

आमच्या भाषांतराच्या टेबलावरून 'मतिमंद' हा शब्द गेला आणि 'बौद्धिक अक्षमता' आला. शब्द बदलणे त्या मानाने सोपे! १९९५ च्या कायद्यातील सरकारी नोकऱ्यांचे ३ टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण व हालचाल यांतील अपंगत्वापुरतेच होते. २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के केले. त्यांतील १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार इत्यादींसाठी मिळून आहे. अर्थात अशा जागा मोजक्याच.

"आमच्या माघारी याचे काय?" हा आईबापांचा खरा घोर. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून सज्ञान मुलासाठी पालक नेमून घेता येतो. तो त्याची व त्याच्या मालमत्तेची काळजी वाहील; पण सकाळ ते संध्याकाळ हा वेळ कशाने भरावयाचा?

काम शिकविणारे जाणते शिक्षक प्रथम कामाचे तुकडे पाडतात. सदऱ्याची घडी म्हणजे पाच-सहा लहान कृती. अखेरची सोडून बाकी साऱ्या ते स्वतः करतात आणि तेवढी एक विद्यार्थ्याला करू देतात. ती साधली की शेवटच्या दोन, मग तीन. शिक्षण असे उलट्या क्रमाने चालते. म्हणून प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरे होते, अर्धवट टाकल्याची नामुष्की त्याच्या वाट्याला येत नाही. वाळलेले कपडे काढून आणल्यावर घरी हे अवश्य करून पाहावे. दोन महिने लागले तरी त्रासू नये.

आणि ज्यांचे स्वतःचे दुकान, बेकरी वा छापखाना आहे, त्यांना एक विनंती. ठरलेली जागा, ठरलेले काम, ठरलेला पगार एवढे अशा एकाला देऊन पाहा. खाऊचे पैसे नव्हेत, पगार; आणि पाकीट त्याच्या हाती द्या, वडिलांच्या नव्हे.