दसऱ्याचा झेंडू, आपल्याच कुंडीतला!

बालमित्रांनो, दसऱ्याला दारात झेंडूचं तोरण हवंच ना? मग त्यातलं एक तरी फूल आपल्या कुंडीतलं असू द्या! पेरल्यापासून फूल यायला साधारण २ महिने लागतात, म्हणून जुलैच्या अखेरीस कामाला लागा.

झाडावरच वाळलेलं फूल कुस्करलं, की आत काळ्या, काडीसारख्या बिया मिळतात. वीतभर उंचीची कुंडी घ्या. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. २ भाग माती, १ भाग कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळून भरा. बी अगदी वरवर पेरा. आठवडाभरात कोंब दिसतील. एकच जोमदार रोप ठेवा. ते वीतभर झालं की शेंडा खुडा. जिवावर येतं खरं, पण त्यामुळेच फांद्या फुटतात आणि फुलंही जास्त येतात. रोज ५-६ तास ऊन मात्र हवंच.

मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या कुंडीला जो तो येता-जाता पाणी घालायचा. मीसुद्धा! मुळं कुजली, झाड गेलं. एक चिमुरडी हळूच म्हणाली, "बाई, आपण लाड जास्त केले ना?"

आता आम्ही आधी मातीत बोट घालून पाहतो. कोरडी लागली, तरच पाणी!