दंतवैद्याच्या हातमोज्यांमागचा विस्मृत कायदा

१/ दंतवैद्याच्या हातांतील मोजे आज आपल्याला स्वाभाविक वाटतात. परंतु ही प्रथा फार जुनी नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतही बहुसंख्य दंतवैद्य उघड्या हातांनीच रुग्णाच्या तोंडात काम करीत.

२/ हिपॅटायटिस-बी हा या व्यवसायाचा जुना शत्रू. रुग्णाचे रक्त आणि बोटावरची बारीकशी जखम, एवढे त्याला पुरे. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याची लस मान्य झाली. तरी सवयी लगेच बदलल्या नाहीत.

३/ मग एड्सचे संकट आले. फ्लोरिडातील एका दंतवैद्याकडून रुग्णाला एचआयव्हीची लागण झाली असावी, असा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अशा रुग्णांची संख्या सहावर गेली. संसर्ग नेमका कसा झाला, हे कधीच सिद्ध झाले नाही. भीती मात्र देशभर पसरली.

४/ ही कथा बहुधा येथेच संपवली जाते. माझ्या मते खरा धडा पुढे आहे. डिसेंबर १९९१ मध्ये आलेला रक्तजन्य संसर्गविषयक केंद्रीय नियम हा मुळात कामगार-सुरक्षेचा नियम होता. मोजे, मुखपट्टी आणि हिपॅटायटिस-बीची लस मालकाने स्वखर्चाने द्यावी, हा उपकरणे धुणाऱ्या साहाय्यिकेचाही हक्क ठरला.

५/ म्हणून हा इतिहास केवळ डॉक्टरांचा नव्हे. निर्जंतुकीकरण जिच्या हाती, तीच असुरक्षित असेल, तर रुग्ण सुरक्षित कसा राहील? या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्यांनी पहिल्या नोकरीत पगाराइतकीच लशीची आणि प्रशिक्षणाचीही चौकशी करावी.