बाक दिला, पण शाळा कुणी बंद केली?



जुनी विनोदी मालिका नव्या पिढीसाठी पुन्हा काढली आणि तिच्यात वंश, वर्ग आला की ओरड ठरलेली: "हसायच्या कार्यक्रमात राजकारण कशाला घुसडता?" माझा उलट प्रश्न आहे. आधी त्यात राजकारण नव्हतं का?

अमेरिकेतली 'सेव्ह्ड बाय द बेल' घ्या. काळ 1989 ते 1993. कॅलिफोर्नियातलं बेसाइड हायस्कूल, सहा मुख्य विद्यार्थी, त्यांत लिसा टर्टल ही एकटी कृष्णवर्णीय. एखाददुसरा भाग सोडला तर घरच्या पैशांची चिंता कुणालाच नाही. गरिबांना वर्गाबाहेर ठेवणं हेही राजकारणच होतं. बाहेरचे पडद्यावर आलेच नाहीत, म्हणून ते दिसलं नाही.

2020 साली ट्रेसी विगफिल्ड यांनी ही मालिका नव्याने आणली. जुना नायक झॅक मॉरिस आता कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर आहे. तो शिक्षणाच्या निधीला कात्री लावतो, गरिबांच्या शाळा बंद पडतात आणि डेझी, आयशा, डेव्हान्टे ही डग्लस हायस्कूलची मुलं बेसाइडच्या श्रीमंत वर्गात येतात. लाडक्या नायकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. नुसते कृष्णवर्णीय चेहरे वाढवून हे साधलं नसतं.

पण टाळ्या वाजवून थांबू नका. डेझीला बेसाइडमध्ये बाक मिळाला म्हणून डग्लस बंद करणं न्याय्य ठरत नाही. आणि बाक मिळाला म्हणजे बरोबरी मिळाली असंही नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना प्रवेश होता, पण बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं.

आज महाराष्ट्रात काय चाललंय? फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या 25 टक्के जागांतून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. दुसरीकडे कमी पटाच्या झेडपी शाळा 'समूह शाळे'त घालण्याचा घाट. खासगी शाळेचं दार लोटायचं आणि वस्तीतल्या शाळेलाही कुलूप लावायचं, मग आपल्या पोरांनी जायचं कुठं?

म्हणून मालिका असो की शासन निर्णय, आपली मागणी दुहेरी आहे. त्यांच्या वर्गात बरोबरीचा बाक हवा आणि आपल्या वस्तीत चांगली शाळाही हवी. पडद्यावरचे आपले चेहरे जरूर मोजा, पण त्यासोबत शिक्षणाचं बजेटही वाचा.

जय भीम!